हापूसचा शत्रू ही माशी नव्हे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांच्या आणि वाडीवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या ‘कोकणवासीयांनो, सावधान!’ असा एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ओल्या कचऱ्यावर अळ्या वाढवून त्यांचं कोंबडीखाद्य बनवायच्या नावाखाली ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची परदेशी माशी गावोगाव सोडली जाणार आहे. ती हापूसला डंख मारेल आणि निर्यात पुन्हा बंद पडेल. माश्यांचा सुळसुळाट होऊन कॉलरा-टायफॉइड पसरेल, दुर्गंधीने राहणं मुश्कील होईल. या अळ्या खाणाऱ्या कोंबड्या आणि त्यांची अंडी विषारी, म्हणून युरोपात यावर बंदी आहे. उरलेलं खत झाडं जाळून टाकतं. आणि शेवटी, ग्रामसभेत ठराव करून प्रकल्प हाकलून लावा.

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. ज्याच्या वर्षाचा हिशोब दोन-अडीच महिन्यांच्या आंब्यावर उभा असतो, त्याला ‘माशी’ म्हटल्यावर धडकी भरणारच. पण यातला बराचसा राग भलत्याच माशीवर निघालाय. आणि जे मुद्दे अर्धेमुर्धे खरे आहेत, ज्यांवर ग्रामसभेने खरोखर अडून बसायला हवं, ते या आरडाओरड्यात मागे पडलेत.

हापूसचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त घबराट त्याचीच आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली आणि जानेवारी २०१५ मध्ये ती पुन्हा सुरू केली, हे खरं. पण ते घडलं फळमाशीमुळे. आपल्या बागांतली ही फळमाशी, शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, पिवळसर-तपकिरी आणि साधारण घरमाशीएवढी असते. तिच्या मादीला मागच्या टोकाला टोकदार नळी असते. तयार होत आलेल्या फळाच्या सालीत ती नळी खुपसून मादी आत अंडी घालते. अळ्या गरात वाढतात आणि मग मातीत उतरून कोष करतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा कलमांना टांगतात तो या माशीच्या नरांना पकडायला. युरोपला जाणारा आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात तोही हिच्याच धास्तीने.

ब्लॅक सोल्जर फ्लाय वेगळ्या कुळातली. अंगाने काळी, दीड-दोन सेंटिमीटर लांब, पायांची टोकं पांढरी, पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक ठिपके. लांबून गांधीलमाशीसारखी दिसते, पण नांगी नाही. सालीला भोक पाडायची नळीही नाही. तिची मादी तर कुजक्या मालातसुद्धा अंडी घालत नाही. कुजणाऱ्या मालाच्या जवळची कोरडी फट शोधते. म्हणून पाळणारे लोक वास येणाऱ्या डब्यावर लाकडाच्या दोन-तीन पट्ट्या, मध्ये जेमतेम फट ठेवून, बांधून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पट्ट्या सुट्या केल्या की फटीत फिकट पिवळ्या अंड्यांचा चिकटलेला पुंजका दिसतो. एक अंडं मिलिमीटरभर, पण एका मादीची पाच-सहाशे सहज. झाडावरच्या धड आंब्याशी या माशीचं काही देणंघेणं नाही.

बागायतदारांनी इथे एकाच गोष्टीवर बोट ठेवावं. प्रकल्पात पडीचा, फळमाशी लागलेला आंबा येणार असेल, तर तो आल्याआल्या दळून किंवा पूर्ण चेचून जाळीबंद शेडमध्ये घेतला पाहिजे. तसाच ढिगात टाकून ठेवला तर त्यातून फळमाशीच बाहेर पडेल आणि दोष जाईल दुसरीला. नीट केलं तर मात्र बागेचा फायदाच आहे. पडलेली फळं गोळा करून नष्ट करा, असं कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतोय. तरी आंब्याखाली सडा तसाच असतो, कारण गोळा करून टाकायचं कुठे हा प्रश्न सुटत नाही.

परदेशी असण्याबद्दल फार लिहीत नाही. माशी मूळची अमेरिका खंडातली, हे बरोबर. पण ती कधीच जगभरच्या उष्ण प्रदेशात पसरली आहे आणि भारतातही सगळीकडे आहे. घरी कंपोस्टचा ड्रम ठेवणाऱ्यांनी चपट्या, मातकट, खरबरीत कातडीच्या अळ्या पाहिल्या असतील. मोठ्या झाल्या की त्या काळपट होतात आणि ओला माल सोडून ड्रमच्या कडेने वर चढू लागतात. त्याच या. कुणी आणून सोडायची वाट त्या बघत बसलेल्या नाहीत.

आता रोगराई. घरमाशी घातक ठरते ती तिच्या फेऱ्यांमुळे: उकिरड्यावरून उठते आणि थेट भाताच्या ताटावर बसते, घासावर लाळ सोडते, तो मऊ झाला की शोषून घेते. ब्लॅक सोल्जर फ्लायची खादाडी सगळी अळीच्या वयातच उरकते. दोन-तीन आठवडे अळी अखंड खात असते आणि अंगात चरबी साठवते. माशी झाल्यावर तिला थोडं पाणी लागतं, फार तर काही गोड शोषते, आणि आठवडा-दीड आठवड्यात अंडी घालून मरते. स्वयंपाकघरात घिरट्या घालायचं तिला कारणच नसतं. वर, ज्या मालात या अळ्या दाट आहेत तिथे घरमाशी अंडी घालायचं टाळते. अमेरिकेत कोंबड्यांच्या विष्ठेवर झालेल्या अभ्यासांत हे अनेक वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे.

पण हे दाट अळ्यांच्या मालाबद्दल झालं. अळ्या संपवतील त्याच्या दुप्पट कचरा रोज ओतला, तर वरचा थर नुसता सडतो आणि घरमाशीची पैदास जोरात होते. तेव्हा रोज किती कचरा येणार आणि तो संपवायला अळ्यांचे किती ट्रे आहेत, हे ग्रामसभेने विचारलंच पाहिजे.

दुर्गंधीचा दावा मी खोटा म्हणणार नाही. कोकणात तर नाहीच. मालात सत्तर-ऐंशी टक्के ओलावा अळ्यांना मानवतो, त्यापुढे पाणी साचू लागलं की हवा खेळत नाही आणि वास मारायला लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट की ट्रे सुकतच नाहीत. त्यात मासळीची घाण जास्त झाली तर अमोनियाने डोळे चुरचुरतात. यावर उपाय आहे. पक्कं छप्पर, पागोळ्यांपासून लांब ठेवलेले ट्रे, काथ्याचा भुसा किंवा भाताचा कोंडा मिसळून जादा ओल शोषून घेणं, मासळी थोडी आणि फळांचा चोथा जास्त. हे सगळं रोजच्या मेहनतीचं काम आहे. शिवाय या माश्यांच्या मीलनाला लख्ख ऊन लागतं. आषाढातल्या मळभात अंडी घटतात, कृत्रिम दिव्यांवर भागवावं लागतं. म्हणजे अळ्या कमी आणि कचरा तेवढाच, अशी वेळ ऐन पावसाळ्यात येते, आणि वास सुटतो तोही तेव्हाच. त्या दिवसांत कचरा कमी घेण्याची लेखी तयारी जो दाखवत नाही, त्याला वस्तीजवळ जागा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

‘विषारी कोंबडी, युरोपात बंदी’ हा दावा तर सरळ उलटा आहे. युरोपीय संघाने जुलै २०१७ पासून मत्स्यपालनाच्या खाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकांच्या प्रथिनाला परवानगी दिली, आणि त्या यादीत ही माशी आहे. सुकवलेल्या अळीत साधारण चाळीस टक्के प्रथिनं असतात, तिच्या चरबीत खोबरेल तेलातलंच लॉरिक आम्ल भरपूर असतं. आणि आपली गावठी कोंबडी दिवसभर शेणकी उकरून दुसरं काय वेचत असते?

मात्र त्याच युरोपचा दुसरा नियम मेसेजवाल्यांनी सांगितला असता तर उपकार झाले असते. तिथे खाद्यासाठी वाढवायच्या अळ्यांना हॉटेलांतलं खरकटं, मांस किंवा विष्ठा घालता येत नाही. कारण अळीच्या अंगात काय उतरतं ते तिच्या पुढ्यात काय पडलं यावर ठरतं. कॅडमियमसारखा जड धातू तिच्या शरीरात साचतो. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू कमी होतो, पण नाहीसा होतो असं नाही, म्हणून अळ्या उकळून किंवा भट्टीत पूर्ण तापवूनच सुकवाव्या लागतात. बॅटरी, रंगाचे डबे, औषधांच्या पट्ट्या मिसळलेला कचरा या कामाला चालणार नाही. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा वेगवेगळा करण्याची शिस्त लावून दाखवली. तशी शिस्त जिथे नाही, तिथे शहराचा सरसकट कचरा ओतून कोंबडीखाद्य करू म्हणणाऱ्याला विरोध करायलाच हवा. आंबा कॅनिंगच्या कारखान्यांतल्या साली-चोथा, काजूची बोंडं, भाजीबाजारातला पालापाचोळा हा माल बराच निर्धोक आहे, आणि आपल्याकडे तो ढिगांनी सडतो. बाठे आणि नारळाची सोडणं मात्र या अळ्यांना पचत नाहीत.

जाता जाता, याच माशीवर ‘एका खोलीत महिन्याला लाख कमवा’ म्हणणारे व्हिडिओही फिरतात. एक टन ओल्या कचऱ्यातून साधारण दीड-दोनशे किलो जिवंत अळ्या मिळतात, सुकल्यावर त्या साठ-सत्तर किलोच्या आसपास भरतात. बाकी हिशोब ज्याचा त्याने करावा.

राहिला खताचा मुद्दा. ट्रेमधून निघालेला चुरा काळा, भुसभुशीत आणि दिसायला तयार गांडूळखतासारखा असतो, त्यामुळे लोक तो थेट रोपांना घालतात आणि रोपं करपतात. ती करपतात, कारण तो चुरा अजून कच्चा असतो आणि त्यात अमोनिया असतो. सावलीत ढीग करून, ओल राखून, अधूनमधून उलथून तो काही आठवडे मुरू द्यावा लागतो. त्यामुळे मे महिन्यातल्या कॅनिंगच्या चोथ्यावर निघालेला चुरा जूनमध्ये कलमांच्या आळ्यात घालायच्या घाईत पडू नये. पावसाळाभर छपराखाली मुरलेला तोच चुरा भातकापणीनंतर वालाला आणि लाल माठाच्या वाफ्यांना बिनधास्त घालता येतो.