इंजिनरूममधले आकडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

समुद्राच्या जुन्या निरीक्षणांचा सामाईक आणि पडताळलेला साठा उभारण्याच्या कामाविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण जी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, ती दोन ओळींत आभार मानून संपवण्यासारखी नाही. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या मालवाहू जहाजांवर आपण अभियंता म्हणून उमेदीची वर्षे घालवलीत, आणि रात्री बारा ते चारच्या वॉचवरचा, म्हणजे पाळीवरचा, माणूस समुद्राच्या पाण्याच्या तापमापकाकडे न पाहता आधीच्या वॉचचाच आकडा लॉगबुकात कसा उतरवून मोकळा होई, हे आपण स्वतः पाहिले आहे. त्यावरून आपण तीन आक्षेप घेतलेत: असे आकडे मुळातच टाकाऊ आहेत, ते मागाहून ‘दुरुस्त’ करणे म्हणजे त्यांच्याकडून हवे ते वदवून घेणे आहे, आणि आज आर्गो या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची तरंगती यंत्रे समुद्र मोजत असताना हा उकिरडा उपसण्यात अर्थ नाही.

प्रथम माझी चूक कबूल करतो. लेखात मी ‘शुद्ध केलेला साठा’ असे म्हटले होते, आणि आपल्या रागाचे मूळ बहुधा त्याच शब्दात आहे. शुद्ध केले म्हटले की मूळ वस्तूतून काही काढून टाकले असे वाटते. प्रत्यक्षात नीट चालवलेल्या साठ्यात मूळ आकडा जसाच्या तसा राहतो आणि त्याच्या शेजारी एक दर्जाचिन्ह बसते. आर्गोच्या नोंदींत १ म्हणजे चांगला, २ म्हणजे बहुधा चांगला, ३ म्हणजे बहुधा सदोष आणि ४ म्हणजे सदोष. ज्याला ४ मिळाले तो आकडाही पुसला जात नाही, आणि दुरुस्ती केलीच तर ती वेगळ्या रकान्यात लिहिली जाते. पोथीच्या संपादकाने मूळ पाठाला हात न लावता समासात शंका नोंदवावी, तसा हा प्रकार आहे.

मूळ आकडा राखण्याचे मोल आपल्या कुलाब्याने दाखवून दिले आहे. विषय समुद्राचा नसून चुंबकीय क्षेत्राचा आहे, पण कामाची जात तीच. सप्टेंबर १८५९ मधल्या सौरवादळात कुलाबा वेधशाळेच्या निरीक्षकांनी चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घट नोंदवली. हा आकडा इतका मोठा आहे की एखाद्या काटेकोर माणसाने तो लेखनदोष म्हणून खोडला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. तो खोडला गेला नाही, म्हणूनच सुमारे १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, संशोधकांना त्यावर नव्याने लिहिता आले. त्याचा नेमका अर्थ काय यावर आजही वाद घालता येतो, आणि वाद घालता येतो हेच त्या वहीचे यश आहे.

आता ‘टाकाऊ’ या आक्षेपाकडे येतो. वॉचवरच्या आळसाने होणाऱ्या चुका कधी वर, कधी खाली पडतात, आणि असंख्य नोंदींच्या सरासरीत त्या बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. शिवाय तोच आकडा ओळीने येत राहिला तर तो शोधून काढणे संगणकाला अगदी सोपे असते. खरा त्रास सर्वांची चूक एकाच बाजूला झुकते तेव्हा होतो, आणि ती प्रामाणिक माणसांकडूनही होते. १९४५ च्या अखेरीस समुद्रपृष्ठाच्या तापमानाचा आलेख सुमारे ०.३ अंशाने एकाएकी खाली येताना दिसे. युद्धकाळात बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि त्या आपल्या ओळखीच्या पद्धतीने, म्हणजे इंजिनरूममध्ये येणाऱ्या पाण्यावरून घेतलेल्या असत. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांच्या नोंदींचा वाटा वाढला, आणि त्यांच्याकडे पाणी बादलीने वर ओढून मोजत. इंजिनरूमची ऊब आकडा किंचित वाढवते, तर बादलीतले पाणी वाऱ्यावर बाष्पीभवनाने निवते. समुद्र होता तिथेच होता, फक्त मोजणारे हात बदलले होते. हा खुलासा २००८ मध्ये झाला, आणि कोणती नोंद कोणत्या देशाच्या जहाजाची हे साठ्यात लिहिलेले होते म्हणूनच होऊ शकला.

साठा सामाईक का असावा, याचे उत्तरही इथेच आहे. जपानी जहाजांच्या काही जुन्या नोंदी संगणकासाठी उतरवून घेताना दशांश चिन्हापुढचा अंक गाळला गेला होता, त्यामुळे त्या नोंदी सरासरी जवळजवळ अर्ध्या अंशाने थंड झाल्या. एकट्या त्या संग्रहाकडे कितीही वेळ पाहिले तरी दोष नजरेत भरत नाही. त्याच पाण्यातून गेलेल्या इतर देशांच्या जहाजांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर मात्र तो उघडा पडला, आणि तेही २०१९ मध्ये. किनाऱ्याजवळची निरीक्षणे संरक्षणाच्या कारणाने कपाटबंद ठेवणाऱ्या देशांना आपल्या नोंदींतले असले दोष कळणार तरी कसे?

‘हवे ते वदवून घेणे’ हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याची कसोटी सांगतो. दुरुस्त्या सोयीसाठी होत असत्या, तर त्या सगळ्या एकाच निष्कर्षाकडे झुकल्या असत्या. तसे दिसत नाही. बादलीच्या काळातले आकडे दुरुस्तीने वर सरकतात, त्यामुळे समुद्रपृष्ठाची दीर्घकालीन तापमानवाढ दुरुस्तीनंतर उलट कमी भरते. १९६० च्या दशकापासून वापरात आलेल्या एक्सबीटी या उपकरणाचेही असेच. जहाजावरून पाण्यात सोडलेला हा प्रोब, म्हणजे मोजणीची नळी, बुडता बुडता बारीक तारेवरून तापमान कळवतो, पण खोली मोजतच नाही. पाण्यात पडल्यापासून गेलेल्या सेकंदांवरून ती काढली जाते. बुडण्याच्या वेगाचे सूत्र थोडे जरी चुकले, तरी बरोबर तापमान चुकीच्या खोलीला चिकटते. १९७० च्या दशकात समुद्र तापून पुन्हा निवल्यासारखा जो उंचवटा आलेखात दिसे, तो बव्हंशी या उपकरणाच्या दोषातून आला होता आणि दुरुस्तीनंतर मावळला. अनेक जुन्या नोंदींत प्रोबचा प्रकारच लिहिलेला नाही. आयक्वॉड या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात तो वर्ष, देश आणि खोली पाहून अंदाजाने भरला जातो, पण हा अंदाज आहे अशी खूण करूनच.

पडताळणीच्या यंत्रावर माझाही आंधळा विश्वास नाही. मुंबईसमोर, १८.९ उत्तर आणि ७२.८ पूर्व इथे घेतलेल्या नोंदीत कारकुनाने पूर्वेऐवजी पश्चिम लिहिले, तर ती नोंद थेट हैतीजवळच्या समुद्रात जाऊन पडते. तिथेही पाणीच आहे, म्हणून ‘जमिनीवरची नोंद’ पकडणारी चाचणी गप्प बसते. तिथले पाणीही उबदार आहे, म्हणून तापमानाची चाचणीही गप्प. हाती येते ती त्या जहाजाची आधीची आणि नंतरची जागा, कारण अरबी समुद्रातून कॅरिबियनमध्ये एका वॉचमध्ये कोणी पोहोचत नाही. उलट बंगालच्या उपसागरात हिवाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर राहून निवतो आणि त्याखाली अधिक गरम पाणी सापडते. खोलीबरोबर तापमान उतरलेच पाहिजे असे धरून चालणारी चाचणी ही खरी नोंद सदोष ठरवील. अशा ठिकाणी आपला समुद्र ओळखणाऱ्या माणसाची नजर लागते, आणि गोवा किंवा हैदराबादेतल्या संस्थांतली माणसे या कामात हवीत ती यासाठी.

आर्गोबद्दल थोडक्यात. ही यंत्रे १९९९ पासून सोडली जाऊ लागली आणि त्यांची ३००० ही संख्या २००७ च्या नोव्हेंबरात गाठली गेली. ती दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंतचे पाणी उत्तम मोजतात, पण १९६५ चे पाणी मोजू शकत नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा ‘अरबी समुद्र पूर्वीपेक्षा गरम झाला आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले. त्यातला ‘पूर्वी’ हा शब्द लॉगबुकांतूनच येतो. आणि नवी यंत्रेही निर्दोष नाहीत. समुद्राचा वरचा थर २००३ ते २००५ या काळात थंड झाला, असा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांना बदलावा लागला, कारण काही आर्गो यंत्रांत दाबाच्या नोंदी, ज्यांवरून खोली ठरते, चुकल्या होत्या आणि त्याच हिशेबात एक्सबीटीचा दोषही मिसळला होता.

राहता राहिली आपली साक्ष. आपण ती आकडे फेकून देण्यासाठी दिलीत. मला ती आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवावीशी वाटते, कारण जुन्या नोंदींत सर्वाधिक उणीव याच माहितीची असते. म्हणून विचारतो: आपल्या जहाजांवर समुद्राचे पाणी आत घेणारे तोंड पाण्याच्या पातळीखाली साधारण किती खोल होते आणि माल भरल्यावर ते किती खाली जाई? तापमापक पंपाच्या आधी बसवलेला असे की नंतर? आकडा पूर्ण अंशात लिहीत की अर्ध्या अंशापर्यंत? आणि रात्री बारा ते चारच्या वॉचची ती सवय एका जहाजापुरती होती, की जिथे जिथे आपण काम केलेत तिथे सर्वत्र?