एक हजार पंच्याण्णव दिवस आणि अर्धा लिटर दूध

मी ३३ वर्षं दुसऱ्यांच्या रजा मोजल्या. सरकारी कचेरीतली लेखा शाखा, खिडकीजवळचं टेबल आणि समोर सर्व्हिस बुकांचा ढीग. कोणाची आजी आतापर्यंत कितीदा वारली, हे मला तिच्या नातवापेक्षा जास्त पाठ असायचं. रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो. तर टोरांटोहून लेकीचा फोन आला, "बाबा, तुम्ही माझे दिवस मोजून द्या ना. मी मोजते तर दर वेळी वेगळेच येऊन राहिले."

मुलीला पीआर मिळाला १४ मार्च २०२२ ला. पीआर म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना. त्या दिवशी आम्ही प्रतापनगरात दहा घरी संत्रा बर्फी वाटली आणि सगळ्यांना सांगितलं, पोरगी कॅनडाची झाली. नंतर कळलं की कुठली झाली! परवाना वेगळा, नागरिकत्व वेगळं. नागरिकत्वाच्या अर्जावर सही करायची, तिच्या मागची पाच वर्षं घ्यायची आणि त्या पाच वर्षांत १,०९५ दिवस आपण प्रत्यक्ष कॅनडात होतो हे दाखवायचं. पीआरच्या आधी विद्यार्थी म्हणून किंवा नोकरीच्या परवान्यावर काढलेला एक दिवस अर्धा धरतात. असे अर्धे अर्धे कितीही साठले तरी ३६५ च्या वर मोजत नाहीत.

हे ऐकलं आणि माझे डोळेच भरून आले. ही तर आपली अर्धवेतनी रजा! आणि कमाल मर्यादाही तशीच. आमच्याकडे अर्जित रजा ३०० दिवसांच्या वर साठवून उपयोग नसतो, तसंच हे. कॅनडाचे नियम करणारा माणूस कधीतरी आमच्या शाखेत बसून गेला असणार.

मी जुनं हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं, लाल-निळ्या रेघा मारल्या आणि कामाला लागलो. इथेच पहिला घोटाळा झाला. व्हरांड्यात बसून मी बायकोला ओरडून सांगत होतो, "अगं, पोरीचे दिवस भरत आले. मेमध्ये पूर्ण होतात." गेटजवळ शेजारच्या काकू उभ्या होत्या. पोरीचं लग्न अजून व्हायचं आहे. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या कढीपत्ता घेऊन परत गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन बायका वेगवेगळ्या निमित्ताने येऊन बायकोच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. एकीने तर "होऊन जाते गं, मन घट्ट कर" असंही सांगितलं. बायकोला चौथ्या दिवशी उलगडा झाला. त्या दिवशी मला वरण-भात मिळाला, भाजी नाही.

आता हिशेब. पोरगी २०१८ च्या ऑगस्टमध्ये शिकायला गेली. पण सही २०२४ च्या मेमध्ये करायची तर मागची पाच वर्षं २०१९ च्या मेपाशी संपतात. म्हणजे तिचा तिथला पहिला हिवाळा बाद! तो हिवाळा, ज्यात रोज रात्री रडत फोन यायचा, "आई, इथे दुपारी साडेचारला अंधार पडते." एवढं सोसलं आणि त्याचे दिवस शून्य. पुढची जवळपास तीन वर्षं अर्ध्या भावाने मोजली तर पाचशेच्या वर जातात, पण मिळणार ३६५. राहिले ७३० दिवस, ते पीआर मिळाल्यानंतरचे आणि पूर्ण भावाचे. मध्ये २९ फेब्रुवारी २०२४ येत होता. लीप वर्षाचा एक दिवस फुकटात मिळाला म्हणून मी एकटाच खूश झालो. घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

खरी गोम पुढे. पीआरनंतर ती जेवढे दिवस नागपूरला आली तेवढे वजा. पहिल्यांदा आली चुलत बहिणीच्या लग्नाला, २०२२ च्या डिसेंबरात. पण निघाली कोणत्या तारखेला, हे तिला आठवेना. तिकिटाचा ईमेल सापडेना. पासपोर्ट पाहावा तर कॅनडातून निघताना शिक्का मारतच नाहीत, आणि दिल्लीत मारलेला शिक्का असा फाकला होता की ११ म्हणा, १७ म्हणा, नाहीतर चहाचा डाग म्हणा. मी भिंग लावून त्या शिक्क्याचा फोटो पाहत बसलो. तेव्हा बायको स्वयंपाकघरातून मागच्या वर्षांची कॅलेंडरं घेऊन आली. आमच्या घरी दुधाचा हिशेब कॅलेंडरवर होतो. रोजच्या चौकोनात 'दीड', नागा असली तर फुली. १२ डिसेंबर २०२२ च्या चौकोनात 'दोन' लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'बाई आली'. तिथून थेट १४ जानेवारीपर्यंत दोन, दोन, दोन. १५ जानेवारीला पुन्हा दीड.

नागपूरला १२ ला पोचली, म्हणजे दिल्लीला ११ ला उतरली आणि टोरांटोहून १० ला निघाली. ३३ वर्षांत मी असा पक्का पुरावा पाहिला नव्हता.

त्यातला १५ जानेवारीचा दीड मला अजून आठवतो. त्या वर्षी संक्रांत १५ ला होती. छतावर पतंगांची धूम, आणि ही १४ च्या संध्याकाळीच बॅग भरून तयार. आई म्हणाली, "एक दिवस थांब, तीळगूळ खाऊन जा." तर म्हणते कशी, "एक दिवस म्हणजे एक दिवस मागे जाते न आई." तेव्हा आम्हाला कळलं नाही की कशाच्या मागे.

नियमात एक गोष्ट मात्र चांगली आहे. निघायचा दिवस आणि पोचायचा दिवस, दोन्ही कॅनडात राहिल्याचे धरतात. १० डिसेंबरला निघाली आणि १५ जानेवारीला पोचली, तर मधले ३५ दिवसच वजा. त्यातले नागपूरचे ३४. उरलेला एक दिवस ती दिल्लीच्या विमानतळावर बॅगेवर डोकं ठेवून झोपली होती. तो ना त्यांचा, ना आमचा.

दुसऱ्यांदा आली २०२३ च्या सप्टेंबरात, महालक्ष्म्यांना. टोरांटो सोडलं ४ ला, पुन्हा गाठलं २५ ला, वजा २०. त्या खेपेला नवीनच नाटक झालं. २१ सप्टेंबरला घरी महालक्ष्म्यांचं आवाहन, दारापासून देवघरापर्यंत पावलं काढलेली, आणि टीव्हीवर बातमी की भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं थांबवलं. पोरगी हातात हळदीची वाटी घेऊन तशीच उभी. म्हणाली, "बाबा, मी नागरिक झाली असती तर आज मलाही व्हिसा लागला असता?" मी म्हणालो, लागला असता, किंवा ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड. बायको मुखवटे पुसता पुसता म्हणाली, "या दोघीच बऱ्या. दर वर्षी येतात, कोणी कागद विचारत नाही."

ती बातमी काटोलपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तिथे दादा असतो, त्याची संत्र्याची बाग आहे आणि सातबाऱ्यावर आमचंही नाव आहे. दादाचा फोन, "काऊन रे, पोरगी तिकडची झाली तर सातबाऱ्यावर तिचं नाव लागन का नाही?" मी समजावलं की आपल्या देशात एका म्यानात दोन तलवारी ठेवत नाहीत. तिकडची शपथ घेतली की इकडचा पासपोर्ट जमा. मग ओसीआय काढायचं. त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, मतदान करता येत नाही, पण वारसाहक्काने शेती मिळू शकते. दादा जरा वेळ थांबला. मग म्हणाला, "म्हणजे आधी आपण मरा लागन."

यानंतर एप्रिल २०२४ मध्ये दादाच्या मुलाचं लग्न निघालं. तीन आठवडे आली तर अर्जाची तारीख मेच्या अखेरीस जाते, म्हणून पोरीने नाही म्हटलं. मी दादाला आकडेमोडीसकट सगळं सांगितलं. काटोलात त्याचा सारांश असा फिरला की पोरीला तिकडच्या सरकारने घरातच ठेवलं आहे आणि रोज हजेरी घेतात. लग्नाच्या पंगतीत एका पाहुण्याने मला हळूच विचारलं, "जामीन होते का?"

३५ आणि २० मिळून ५५. पहिली तारीख ७ मे निघत होती. मी ती लाल शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या. रात्री पोरीचा मेसेज, "बाबा, एक सांगायचं राहिलं. मैत्रिणींसोबत न्यूयॉर्कला गेली होती. शुक्रवारी गेली, रविवारी परत." शुक्रवार धरला, रविवार धरला, शनिवार गेला. ५६. तारीख ८ मे. मी विचारलं, अजून काही? तर म्हणे नायगाऱ्याच्या पलीकडे एकदा जेवायला गेलो होतो, पण रात्री परत. ते चालतं. पण न्यूयॉर्कचं आम्हाला सांगितलंच नव्हतं, हे बायकोच्या लक्षात आलं आणि पुढचा अर्धा तास हिशेब बाजूला राहिला.

आता वाद सहीच्या तारखेचा. पोरगी म्हणे ८ मेलाच करते. मी म्हटलं, बेटा, काठावर पास होणाऱ्याची फाइल कोणीही फेकते. एखादा शनिवार अजून निघाला तर १,०९४ होतील आणि सगळं परत. तिकडचं खातंसुद्धा काही दिवस जास्तीचे ठेवूनच अर्ज करा म्हणतं. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले महिनाभर ठेवा. बायको म्हणाली गुरुवारी करा. शेवटी दहा दिवस वर ठेवून १८ मे ठरला. १,१०५ दिवस.

तोपर्यंत नागपूर तापलेलं. रात्रभर कूलर घरघरतो आणि पहाटेपर्यंत टाकीतलं पाणी संपते. मी साडेपाचपासून रजिस्टर घेऊन बसलेलो. फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा होते. तिथे १८ तारखेच्या रात्रीचे नऊ.

"झालं बाबा. सही करून पाठवलं."

मी पेन उघडलं आणि अडलो. "तारीख काय लिहू? आमच्याकडे १९ लागली."

"बाबा, इथली."

१८ लिहिलं. मग बायकोने फोन हातातून घेतला आणि विचारलं की आता मोजणं संपलं तर येशील न. पोरगी म्हणाली येता येते, पण मध्येच परीक्षेचं बोलावणं येऊ शकते, वीस प्रश्न असतात, पंधरा बरोबर यावे लागतात. मग शपथ, ती तिथेच राहून घ्यावी लागते. मग तिकडचा पासपोर्ट, मग इकडचा जमा करणं, मग ओसीआय. मधल्या काळात कोणता कागद कुठे अडकेल सांगता येत नाही. "पाहते, आई."

तेवढ्यात गेटची कडी वाजली. दूधवाला कॅन घेऊन पायरीशी उभा होता. आमचा आवाज त्याने ऐकला असावा.

"ताई येऊन राहिल्या का काकू? दोन टाकू आजपासून?"

बायकोने फोन तसाच कानाला धरून भांडं पुढे केलं.

"दीडच."

मी रजिस्टर मिटलं आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठलो.