कापलेले क्लब, मोठं माप आणि वाढतं मूल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

चाळीस वर्षं गोल्फ खेळताय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. चालेल ना?

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तुम्ही मनापासून रागावला आहात. तुमच्या दहा वर्षांच्या नातवासाठी तुम्ही स्वतःच्या जुन्या सेटमधले चार क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, कापून आखूड केलेत, घासून साफ केलेत, नव्या ग्रिप चढवल्यात. आणि नेमकं त्याच आठवड्यात 'कापलेला क्लब मुलाच्या हातात कधीच देऊ नका' हे माझं वाक्य तुमच्या वाचनात आलं. तुम्हाला लागलं असणारच. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: विख्यात गोल्फपटू टायगर वूड्सही कापलेल्या क्लबनेच शिकला, जड क्लबने मुलांचे हात मजबूत होतात, आणि नवा क्लब घ्यायचाच असेल तर एक माप मोठा घ्यावा, पोर त्यात वाढतं. शेवटी तुम्ही लिहिलंय की असले लेख पालकांना उगाच खर्चात पाडतात.

आधी माझी चूक कबूल करतो. त्या वाक्यातला 'कधीच' हा शब्द मी मागे घेतो. पटर, म्हणजे चेंडू हळूच भोकाकडे ढकलायचा क्लब, कापून द्यायला माझी काहीच हरकत नाही. पटिंगचा झोका छोटा आणि संथ असतो, तिथे थोडं जास्त वजन मुलं सहज सांभाळतात. तेरा-चौदा वर्षांच्या, जवळजवळ मोठ्या माणसाच्या उंचीला आलेल्या मुलाला किंवा मुलीला ग्रॅफाइटच्या शाफ्टचा (दांड्याचा) हलका लेडीज क्लब इंचभर कापून दिला, तर तोही छान चालतो. हे दोन अपवाद लेखात यायलाच हवे होते. तुमच्या चार क्लबमध्ये पटर असेल तर तो अजिबात काढून घेऊ नका.

पण बाकीच्या तिघांबद्दल माझं मत बदललेलं नाही. कारण सांगतो.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना मी नेमकं तुम्ही केलंत तेच केलं होतं. माझा जुना स्टील शाफ्टचा सेव्हन आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा धातूच्या पात्याचा क्लब, घेतला. ३७ इंचांचा होता, तो कापून ३० इंचांवर आणला. दिसायला अगदी तिच्या मापाचा झाला. कापण्याआधी मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला होता, वजन सुमारे ४३० ग्रॅम भरलं. सात इंच कापल्यावर पुन्हा ठेवला, तर ४१० च्या आसपास. त्या आकड्याकडे तेव्हा मी नीट पाहिलंच नाही. सात इंच काढून टाकले आणि वीसेक ग्रॅमच कमी झाले, कारण करवत चालते ती पोकळ नळीवर. बहुतेक वजन खाली हेडमध्ये, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकात, असतं, आणि त्याला करवत लागतच नाही. सेव्हन आयर्नचं हेडच २७० ग्रॅमच्या घरात जातं. त्याच लांबीचा, मुलांसाठी मुळापासून बनवलेला क्लब पुढे मी काट्यावर ठेवला तेव्हा तो तीनशेच्या आसपास भरला.

तुम्ही लिहिलंय की कापल्यावर क्लब हातात हलका लागतो. हो, लागतो, पण कुणाला? अर्धा इंच कापला की स्विंगवेट, म्हणजे क्लब फिरवताना हेडकडे जाणवणारं वजन, तीनेक पॉइंटने उतरतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या हाताला मूळ क्लबची सवय आहे, त्याच्या तुलनेत तुम्हाला तो हलका वाटतो. नातवाला तुलना करायला दुसरं काही नाही. त्याच्यापुढे खरी निवड आहे ती ३० इंचांचा ४१० ग्रॅमचा क्लब आणि ३० इंचांचाच ३०० ग्रॅमचा क्लब यांतली. लांबी सारखी असताना टोकाला पन्नास-साठ ग्रॅम जास्त टांगलेले असले, तर ते त्या कोवळ्या मनगटाला पहिल्या चेंडूपासून कळतात.

शाफ्टचंही तेच. नळी आखूड केली की ती आणखी ताठ होते. जी नळी मोठ्या माणसाच्या वेगाने वाकायची, ती मुलाच्या वेगाने वाकतच नाही. हातात सळई धरल्यासारखं होतं.

त्या क्लबने माझ्या मुलीचं काय झालं ते मी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दोन महिने रोज पाहत होतो, फक्त ते कशामुळे होतंय हे मला कळत नव्हतं. क्लब वर जाताना ठीक जायचा. वर पोचला की त्याचं वजन तिला मागे ओढायचं, शाफ्ट खांद्यावर टेकायचा. तिथून तो खाली आणायला हात पुरत नव्हते, मग ती सगळं अंग फेकायची. भार मागच्या पायावरच राहायचा, आणि चेंडूला लागल्यानंतर डावं कोपर बाहेर दुमडायचं. चेंडू जायचा, कधी कधी चांगलाही जायचा, म्हणून मी टाळ्या वाजवायचो. एके दिवशी शेजारच्या मॅटवर शिकवणाऱ्या एका कोचने माझ्याकडे फक्त क्लब मागितला, एका बोटावर तोलून पाहिला आणि परत दिला. बोलले काहीच नाहीत. मी त्याच संध्याकाळी घरी येऊन तो पुन्हा काट्यावर ठेवला.

क्लब आठवड्यात बदलला. कोपर सरळ व्हायला मात्र दीड वर्ष लागलं.

काका, माझा सगळा आग्रह या दीड वर्षापोटी आहे. क्लब चुकीचा असेल तर मूल तक्रार करत नाही. ते त्या क्लबशी जुळवून घेतं, अंगाला वाकवून, पिळून कसंतरी चेंडूपर्यंत पोचतं. आणि ते जुळवून घेणंच त्याचा स्विंग होऊन बसतं. पुढे योग्य क्लब आला तरी अंग जुनंच करत राहतं.

टायगरचं म्हणाल तर वडिलांनी कापून दिलेल्या क्लबने त्याने सुरुवात केली हे खरंच आहे. १९७८ मध्ये 'माइक डग्लस शो'मध्ये टीव्हीवर तो खेळून दाखवत होता तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्या वयाच्या पोराच्या हातात कापलेला क्लब म्हणजे खेळणंच, आणि तेवढ्यापुरता तो मीही देईन. दहा वर्षांचं मूल आठवड्याला दोन-तीनशे चेंडू मारतं. तिथे प्रत्येक चेंडू सवय पक्की करत असतो.

जड क्लबने हात मजबूत होतात, या तुमच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला, कारण आमच्या पिढीलाही हेच सांगितलं गेलं होतं. मोठा खेळाडू खेळायला उतरण्याआधी जड क्लब पाच-सहा वेळा फिरवतो, ते वेगळं. मुलाने रोज शंभर चेंडू त्यानेच मारले तर ताकद यायच्या आधी स्विंग मंदावतो. चेंडू लांब जातो तो हेडच्या वेगाने, आणि वेगात फिरवायची सवय लहानपणी जितकी सहज लागते तितकी नंतर लागत नाही. शिवाय वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचे पट्टे असतात, ते पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतात. मनगटावर तोच ताण पुन्हा पुन्हा पडला तर दुखणं तिथून सुरू होऊ शकतं. हात मजबूत करायला दोरीउड्या आहेत, लोंबकळणं आहे, झाडावर चढणं आहे.

आता मोठ्या मापाबद्दल. वाढत्या अंगाचे कपडे घ्यायची आपली सगळ्यांची सवय. बाह्या दुमडता येतात, म्हणून कपड्यांत ते चालतं. क्लब मात्र दुमडता येत नाही. इंचभर खाली धरला तर काही बिघडत नाही, तेवढी सवलत मीही घेतो. दोन-तीन इंच खाली धरायला लागलं की ग्रिपचं वरचं टोक पोटाला किंवा हाताला अडतं, आणि मूल ते टाळायला हात अंगापासून दूर नेतं. खाली धरलाच नाही तर लाय, म्हणजे टेकवलेल्या क्लबचा जमिनीशी होणारा कोन, बिघडतो. लांब क्लब जमिनीवर टेकवला की हेडचं पुढचं टोक (टो) वर उचललं जातं, तळ (सोल) फक्त दांड्याकडच्या बाजूला (हील) टेकतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाचा चेंडू मग डावीकडे निघतो, आणि जितका लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) मागे झुकलेला कोन, जास्त तितका अधिक. मूल हुशार असेल तर दोन आठवड्यांत फेस उघडा (लक्ष्याच्या उजवीकडे वळलेला) ठेवून चेंडू सरळ पाठवायला शिकतं. आपण म्हणतो सुधारला. खरं तर एका चुकीवर त्याने दुसरी चढवलेली असते.

हे घरबसल्या तपासता येतं. चेंडूवर मार्करने एक ठसठशीत उभी रेघ काढा, शाई ओली असतानाच रेघ क्लबच्या फेसकडे करून चेंडू ठेवा आणि नातवाला मारायला सांगा. रेघ फेसवर उमटते. फेसवरच्या खोबणींना ती काटकोनात असेल तर लाय ठीक आहे. तिरकी उमटली तर नाही. पाच-सहा चेंडू मारून पाहा, एकावर जाऊ नका.

खर्चाचं तुम्ही जे लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्यात तथ्य आहे. वाढत्या मुलासाठी पूर्ण सेट घेणं म्हणजे दीड वर्षात पैसे वाया घालवणं. पण बचत क्लबच्या संख्येत करावी, मापात करू नये. पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ही मर्यादा आहे. अमेरिकेत ती १९३८ मध्ये आली, सेंट अँड्रूजच्या आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेने १९३९ मध्ये आणली. कमीत कमी किती असावेत असा नियमच नाही. तुम्ही टायगरचं उदाहरण दिलंत, मी स्पेनच्या सेव्हे बॅयेस्तेरोसचं देतो. त्याच्या गावच्या, पेद्रेन्याच्या, समुद्रकिनाऱ्यावर वाळूत तो एका जुन्या थ्री आयर्नने शिकला. एकच क्लब. त्याच माणसाने पुढे १९७९, १९८४ आणि १९८८ अशी तीनदा ओपन ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा जिंकली. तो थ्री आयर्न मुलाच्या मापाचा नव्हता हे मान्य, आणि तशा क्लबवर मात करणारा सेव्हे शतकात एखादाच. पण एकाच क्लबने लांब, आखूड, उंच, बुटका असे सगळे फटके काढायला शिकणं हे कुठल्याही मुलाला जमण्यासारखं आहे.

दहा वर्षांच्या मुलाला माझ्या मते पाच क्लब पुरेत: पटर, वाळूतून आणि जवळून चेंडू उंच उचलायचा सँड वेज, नाइन आयर्न, सेव्हन आयर्न आणि लांबच्या फटक्यांसाठी अठरा-वीस अंश लॉफ्टचा एक फेअरवे वूड किंवा हायब्रिड. सिक्स, सेव्हन आणि एट आयर्न त्याच्या वेगाला जवळजवळ एकाच अंतरावर पडतात, मग तिन्ही बाळगायचे कशाला? ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबची, घाई नको. मोठ्यांच्या साडेदहा अंशांच्या ड्रायव्हरने चेंडू उचलायला जो वेग लागतो तो या वयात नसतो. चेंडू जमिनीलगत पळतो आणि मूल तो उचलण्यासाठी मागे झुकायला लागतं. टीवरून (पहिल्या फटक्यासाठी चेंडू ठेवायच्या खुंटीवरून) फेअरवे वूडच लांब जातो, माझ्या मुलीचा तर बारा वर्षांची होईपर्यंत जात होता.

बदलायचे कधी? मुलांच्या क्लबची मापं उंचीवर ठरतात. यूएस किड्स गोल्फ ही कंपनी दर ३ इंच उंचीला, म्हणजे साडेसात सेंटिमीटरला, पुढचं माप देते. वयात येण्याआधी मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे एक माप सव्वा ते दीड वर्ष पुरतं. झपाट्याची वाढ सुरू झाली की वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर, कधी त्याहून जास्त. मुलींमध्ये ती मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येते. त्या काळात उंची पुढे धावते आणि ताकद मागे राहते. पाय आणि हात अचानक लांब झालेले असतात, मुलाचा तोलच बिघडलेला असतो. तेव्हा उंचीला लांब क्लब द्या, पण वजनाला हलकाच ठेवा. बरेच पालक नेमके याच वेळी स्टील शाफ्टवर उडी मारतात, आणि वर्षभर मूल खेळत असून खेळ पुढे सरकत नाही.

सगळे क्लब एकदम बदलायचीही गरज नसते. लांब क्लबमध्ये मापाचा फरक आधी जाणवतो, म्हणून वूड आणि सेव्हन आयर्न आधी बदलायचे. वेज आणि पटर एक माप मागे राहिले तरी चालतं. आम्ही तर नेहमी अशीच मिसळ पिशवी वापरली. मुलांचे क्लब झिजायच्या आधीच आखूड पडतात, त्यामुळे दुसऱ्या मुलाचे वापरलेले, योग्य मापाचे क्लब घेण्यात काहीच कमीपणा नाही. नवीकोरी ग्रिप चढवली की झालं, आणि ती तुम्ही माझ्यापेक्षा चांगली चढवता हे दिसतंच आहे.

येत्या रविवारी एक करून बघाल का? कापलेला सेव्हन आयर्न नातवाला एका डाव्या हाताने, ग्रिपच्या टोकाशी धरून, समोर आडवा ताठ धरायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. ही माझी घरगुती चाचणी आहे, कुठल्या पुस्तकातली नाही. दहा व्हायच्या आत हेड खाली झुकलं किंवा त्याने खांदा वर उचलला, तर तो क्लब अजून त्याचा नाही. दहापर्यंत आरामात धरला तर मी चुकलो, आणि तसं इथे स्पष्ट लिहा. मी ते लेखात वर घालीन. सोबत त्याची अनवाणी उंची आणि ताठ उभं राहिल्यावर मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर कळवा. माझ्याकडे मुलीचे जुने तीन क्लब गुंडाळून ठेवलेले आहेत, १३२ ते १४० सेंटिमीटरच्या मुलाला बसतील असे. माप जुळलं तर ते तुमच्या नातवाचे.