‘एक जागा, एक अक्षर’ हा नियम मराठीला लावू नका

‘स्ट्रिंगचे चार नियम, पाठ करा आणि इंटरव्ह्यू काढा’ असा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. स्ट्रिंग म्हणजे प्रोग्राममध्ये साठवलेला मजकूर, आणि जागा म्हणजे त्यातल्या एकेका चिन्हाचा क्रमांक. कोपरखैरण्यात डिप्लोमा करणाऱ्या माझ्या भाचीने तो खरा धरून सोसायटीच्या सभासद-यादीच्या प्रोजेक्टमध्ये वापरला, म्हणून हे लिहितोय.

पहिला नियम: मोजणी सगळीकडे शून्यापासून. सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषांपुरतं खरं आहे, मान्य. पण गाडीच्या नंबरात MH नंतर ठाण्याचा ०४ की नवी मुंबईचा ४३ हे पाहायचं, तर पायथनमध्ये जागा २ पासून घ्यायची आणि एक्सेलच्या मिड या मजकुराचा तुकडा काढणाऱ्या सूत्रात ३ पासून. ‘सगळीकडे’ कुठून आलं?

दुसरा: स्ट्रिंगबाहेरची जागा विचारली की रिकामी स्ट्रिंग मिळते. हे जावास्क्रिप्टच्या, दिलेल्या जागेवरचं चिन्ह काढून देणाऱ्या, चारअ‍ॅटचं वागणं. जावाचं चारअ‍ॅट एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकतं, पायथन इंडेक्स एरर देतं.

खरा राग तिसऱ्याचा आहे: ‘एक जागा म्हणजे एक अक्षर, भाषा कुठलीही असो.’ पायथनला ‘ठाणे’ची लांबी विचारा. ४ येते: ठ, काना, ण, मात्रा. ‘श्रीकांत’ची ८. भाचीने नावांचे गट पहिल्या जागेवरून पाडले आणि क्षितिजा जाऊन बसली कल्पनाच्या शेजारी, ‘क’खाली. कारण ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशा तीन जागा. शाळेच्या तक्त्यात क्ष शेवटाकडे, ळनंतर असतो, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत आहे! नाव कापलं तर आणखी वाईट. ‘ज्ञानेश्वर’ आठ जागांवर तोडा, ‘ज्ञानेश्’ उरतं. हे ओळखपत्रावर छापायचं?

युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) याचं २९ क्रमांकाचं परिशिष्ट नेमकं याचसाठी आहे. वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, याचे नियम त्यात आहेत. देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम तिथे २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुनी लायब्ररी (प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) ‘श्री’चे दोन तुकडे करते. आवृत्ती बघून घ्या. जावास्क्रिप्टमध्ये या कामाला इंटल सेगमेंटर आहे, इतरत्र आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी.

चौथा: नाव अमुक अक्षराने सुरू होतं का हे तपासायला स्टार्ट्सविथ ही तयार आज्ञा नको, शून्याची जागा पाहा, ते जलद. नाव रिकामं आलं की पायथनमध्ये शून्याची जागा पाहणारी ओळ एरर देऊन थांबते, स्टार्ट्सविथ नुसतं फॉल्स, म्हणजे ‘नाही’, देतं. भाचीच्या फॉर्मात मधलं नाव ऐच्छिक आहे. ते रिकामं सोडणारा पहिला सभासद आला की प्रोग्राम तिथेच बंद पडेल.