पाकिटावरचं 'एमआर'

आज नेदरलँड्समधल्या आम्स्टेल्वेनच्या आमच्या मराठी घोळक्यात एका गृहस्थांनी जाहीर केलं, "डच लोकांना मान कशाशी खातात ते ठाऊकच नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात वरणभात होता म्हणून गप्प बसले. आता घरी आलेय, आता नाही बसत.

इतकी वर्षं इथे काढून ज्यांना 'मनेर' एवढा एक शब्द कळला नाही, त्यांनी मानापमानाच्या गप्पा मारू नयेत. डच माणूस पुरुषांना मानाने हाक मारतो ती 'मनेर' म्हणून; मनेर म्हणजे 'माइन हेर', माझे धनी. (हेर म्हणजे आपला गुप्तहेर नव्हे!) हा हेर आला जुन्या जर्मनमधून. तिथे त्याचा मूळ अर्थ 'जास्त पिकल्या केसांचा', म्हणजे थोरला. लॅटिनमधल्या 'सीनियर'वर बेतलेला. केस पिकले की मान, हे आपल्याला परकं वाटतंय होय?

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. पहिल्या वर्षी त्यांना नव्या वर्षाचं कार्ड दिलं. पाकिटावर ऐटीत 'मिस्टर'चं एमआर लिहिलं. दुसऱ्या दिवशी आजोबा पाकीट घेऊन दारात! "मी काही वकिली शिकलेलो नाही हो." इथे नावाआधी एमआर म्हणजे 'मेस्टर', कायद्याची पदवी घेतलेला माणूस. न कमावलेला मान त्यांना पाकिटावरसुद्धा नको होता. आणि आपल्याकडे... जाऊ दे, मला तोंड उघडायला लावू नका.

बरं बाबा, मान्य. ऑफिसात साहेबालाही नावानेच हाक मारतात, पोरंटोरं सर्रास 'य' म्हणजे 'तू' करतात. रेल्वेनेही २०१७ मध्ये घोषणेतलं 'स्त्री-पुरुषहो' काढून 'प्रिय प्रवाशांनो' केलं. म्हणून मान संपला?

आजोबा मला तेव्हा 'मेव्राऊ' म्हणायचे. माझ्या बाईसाहेब. (हेच सुटं करून 'माइन व्राऊ' म्हटलं की होते 'माझी बायको'. आमच्या ह्यांनी पहिल्याच महिन्यात बेकरीतल्या बाईंना तसं म्हटलं होतं. वाचलो.) तिसऱ्या वर्षी आजोबाच म्हणाले, "आता मला 'य' म्हणत जा." म्हणजे अरे-तुरे कर. केवढी आपुलकी! पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला अरे-तुरे? माझी जीभच वळेना. अजून वळत नाही.

आत्ता परत येताना जिन्यात भेटले. हातातली पिशवी घेऊ का, असं विचारलं, अर्थात 'ऊ' लावून, तुम्ही म्हणूनच. पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "झालं! पुन्हा वकील केलंस मला."