टीए १०१ म्हणजे समुपदेशक नव्हे

लेख चांगला आहे, पण माणसांचं वागणं-बोलणं समजून घेण्याची मानसशास्त्रीय पद्धत असलेल्या ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिसचा 'दोन दिवसांचा समुपदेशक कोर्स' असा उल्लेख वाचून राहवलं नाही. तो कोर्स म्हणजे टीए १०१ (टीए हे त्याच पद्धतीचं लघुरूप). किमान १२ तासांची नुसती तोंडओळख: पालक-प्रौढ-बालक या मनोवस्था, स्ट्रोक्स (एकमेकांची घेतलेली दखल), गेम्स (नकळत पुन्हा पुन्हा घडणारे संवादाचे खेळ). प्रमाणपत्र मिळतं, पण हजेरीचं. त्यावर कुणी पाटी लावून बसलं असेल तर दोन प्रश्न जरूर विचारा: पुढे कुठपर्यंत शिकलात आणि सुपरव्हायझर, म्हणजे तुमच्या कामावर देखरेख करणारा अनुभवी तज्ज्ञ, कोण?

खरं शिक्षण त्यानंतर. समुपदेशन, मानसोपचार, शिक्षण किंवा संस्था यांपैकी एक क्षेत्र निवडून मान्यताप्राप्त प्रशिक्षकाशी करार करायचा. सीटीए, म्हणजे प्रमाणित ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिस्ट, होण्यासाठी एकूण २,००० तास भरावे लागतात. त्यात मुख्य म्हणजे ७५० तास प्रत्यक्ष काम, ६०० प्रशिक्षण, १५० सुपरव्हिजन. मग लेखी परीक्षा आणि शेवटी तोंडी. तोंडीत स्वतःच्या सत्रांची रेकॉर्डिंग परीक्षकांना ऐकवायची असतात. मला हा भाग फार आवडतो. पाठांतर इथे कामाला येत नाही. समोरच्याचं बोलणं मध्येच तोडलंत तर ते सगळ्यांना ऐकू जातं! शिकवायचं असेल तर पुढे पीटीएसटीए (तात्पुरती मान्यता असलेला प्रशिक्षक-सुपरव्हायझर) आणि मग टीएसटीए (पूर्ण मान्यता असलेला), म्हणजे आणखी काही वर्षं.

हे सगळं खर्चिक आहे, हेही लेखात यायला हवं होतं.