दोन दिवसांत आठ गणपती उरकू नका

गेल्या माघात आम्ही घरचे अकरा जण अष्टविनायकाला गेलो होतो. टेम्पो ट्रॅव्हलर, दोन दिवस, एक मुक्काम. पहाटे पाचला पुणे सोडलं. थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव करून रात्री ओझर गाठायचं होतं. रांजणगावातून निघतानाच अंधार पडला. पुढे एका टपरीवर चहाला थांबलो, तर आमचे ड्रायव्हरदादा मागच्या नळाखाली डोकं धरून उभे. झोप झाली नव्हती का, म्हणून विचारलं.

"ताई, तुळजापूरची पार्टी सोडून रात्री अडीचला घरी आलो. चारला परत गाडी काढली."

मागच्या सीटवर माझी आई आणि भावाची दोन्ही मुलं गाढ झोपली होती. माझ्या पोटात गोळाच आला.

मी दादांना दोष देत नाही. गाडी ठरवताना एसी, पुशबॅक, किलोमीटरचा दर, टोल-पार्किंग कोणाकडे, ड्रायव्हरचा भत्ता किती, सगळं आम्ही घासून विचारलं होतं. ड्रायव्हर आदल्या रात्री कुठे असणार, हे अकरा जणांतल्या एकालाही सुचलं नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांचं काम लिहिलं होतं. आम्ही त्यांना सोळा तास पळवणार होतो.

कुणी म्हणेल, यात्रा सलगच करायची असते. पण शास्त्रातला क्रम मोरगावपासून सुरू होऊन शेवटी पुन्हा मोरगावलाच येतो, आणि मोरगाव-सिद्धटेकनंतर लगेच पाली. रस्त्याच्या सोयीसाठी तो क्रम आपण सगळेच मोडतो. मग माणसांच्या सोयीसाठी यात्रेचे दोन-तीन भाग केले तर गणपती रागावणार आहे का?

पुण्याहून तर हे सहज जमतं. एक दिवस मोरगाव, सिद्धटेक, येताना थेऊर, रात्री आपल्याच घरी. पूर्वी शिरापूरहून होडीने भीमा ओलांडून सिद्धटेकला जायचे, आता पूल आहे. दुसऱ्या वेळी रांजणगाव करून ओझरला मुक्काम, आणि उजाडताच लेण्याद्री. तिथे जवळपास तीनशे पायऱ्या आहेत. ऊन चढल्यावर म्हाताऱ्या माणसाला त्या चढायला लावू नका. डोली मिळते, पण आमच्या आईसारख्या बायका डोलीत बसायला लाजतात, हळूहळू चढतो म्हणतात. त्यांना तेवढा वेळ द्या. महड आणि पालीसाठी तिसरा दिवस ठेवा. संकष्टी, त्यातही अंगारकी, टाळलेलीच बरी.

गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. स्वस्त पडते म्हणून ओळखीतली पांढऱ्या पाटीची नको, तिला भाड्याने माणसं न्यायचा परवानाच नसतो. आणि ड्रायव्हरला मुक्कामी झोपायला खोली द्यायची, हे ठरवतानाच बोलून घ्या. गाडीतच झोपतील ते, असं कृपा करून म्हणू नका.

आम्ही ओझरला दादांसाठी वेगळी खोली घेतली. सकाळी आठपर्यंत त्यांना कोणी उठवायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी फक्त लेण्याद्री करून घरी परतलो. महड-पालीला दोन आठवड्यांनी गेलो, तेच दादा होते. पालीत बल्लाळेश्वराच्या आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं असतं, घाईत तेच राहून जातं. आई तिथे अर्धा तास डोळे मिटून बसली. दादाही येऊन तिच्या शेजारी बसले.